किल्ली जवळ नाही

पेट्रोलच्या टाकीचं झाकण लावून त्यानं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं. समोरच्या छोट्या काचेवर अक्षरं उमटली, किल्ली जवळ नाही, आणि विझली. त्याला आधी वाटलं, गाडीची काहीतरी चूक होतेय. दहा मिनिटांपूर्वी तर आईच्या बिल्डिंगखाली ती पहिल्या फटक्यात सुरू झाली होती, पुलावरून, दोन सिग्नल पार करून नीट आली होती. त्यानं जॅकेटचे खिसे चाचपले, मग पँटचे, मग उगाच पुन्हा जॅकेटचे. उजव्या खिशात हाताला गार, जड काहीतरी लागलं आणि त्याला हायसं वाटलं. बाहेर काढलं तर नेलकटर. आईची नखं कापून झाल्यावर पलंगाशेजारच्या टेबलावरून त्यानं न बघता उचलला होता तो नेलकटर. म्हणजे किल्ली, ती काळी चपटी डबी, तिथेच राहिली होती, औषधांच्या डब्याशेजारी. या गाडीला किल्ली फिरवावी लागत नाही, नुसती जवळपास असली तरी पुरते. आईची खोली पहिल्या मजल्यावर, खिडकी बरोबर पार्किंगवर. गाडीनं तिथूनच किल्लीचा वास घेतला असणार आणि मुकाट सुरू झाली असणार. एकदा सुरू झाली की ती बंद करेपर्यंत चालते, किल्ली कुठेही असो. बंद केली की मग विचारते. शोरूममधल्या माणसानं हे सगळं सांगितलं होतं आणि तेव्हा त्यानं, आपण स्वतः यंत्रातली माणसं, आपल्याला काय सांगता, अशा चेहऱ्यानं मान हलवली होती.

"साहेब, गाडी बाजूला घ्या, मागे लाइन लागलीय," पेट्रोल भरणारी बाई म्हणाली. त्यानं स्टँड काढून गाडी ढकलली आणि सायरन सुरू झाला. इतका मोठा आवाज आपल्या गाडीत आहे हे त्याला ठाऊक नव्हतं. लाइनीतली माणसं वळून पाहायला लागली. एकानं तर खिडकीची काच खाली करून त्याला नीट न्याहाळलं, आधी त्याचे बूट आणि मग चेहरा, चोराकडे बघतात तसं. आपलीच गाडी आपण ढकलतोय आणि गाडी सगळ्या रस्त्याला ओरडून सांगतेय की हा माझा कोणी नाही. हवा भरायच्या मशिनपाशी त्यानं ती भिंतीला लावली तेव्हा सायरन थांबला आणि त्याच्या कानात एक बारीक शिटी उरली.

बाई मागून आली. "किल्ली राहिली ना? घरी दुसरी नाही का?"

"होती. लिफ्टच्या खड्ड्यात पडली."

"मग लिफ्टवाल्याला बोलवायचं, काढून देतो तो."

"लिफ्टवाला मीच."

बाई हसली, मग त्याचा चेहरा बघून हसू आवरलं आणि परत पंपाकडे गेली. खरंच होतं ते. वीस वर्षं तो लिफ्ट तपासत होता. दोर, ब्रेक, दाराचे कुलूपखटके, खालचा खड्डा, वरची मशिनची खोली. मागच्या वर्षी एका दवाखान्याच्या इमारतीत खाली वाकला आणि वरच्या खिशातून ती दुसरी किल्ली खड्ड्यातल्या तेलकट पाण्यात गेली. त्यात हात घालावा असं त्याला वाटलं नव्हतं. खरं तर त्याला त्या खड्ड्यात उतरायचीच भीती वाटली होती. ही भीती त्यानं एकाच माणसाला सांगितली होती.

किल्ली नसली तर पाच आकडे लागतात. डावीकडच्या इंडिकेटरचं बटण आकड्याइतक्या वेळा दाबायचं, मग उजवीकडचं एकदा, की पुढचा आकडा. तीनदा चुकलं तर थांबायचं, गाडी दोन मिनिटं रुसते. त्यानं आपलं जन्मवर्ष आणि पुढे एक घालून पाहिलं. लग्नाची तारीख घातली. जुन्या स्कूटरचा नंबर घातला. मग भिंतीला टेकून दोन मिनिटं घड्याळाकडे बघत उभा राहिला आणि त्या दोन मिनिटांत त्याला आठवलं. हे आकडे त्यानं ठरवलेच नव्हते. सहा वर्षांपूर्वी शोरूममधला माणूस बटणावर बोट ठेवून त्याच्या तोंडाकडे बघत होता, कुठलेही पाच सांगा, आणि त्याला एकही सुचत नव्हता. म्हणून त्यानं आईला फोन लावला. "आई, पाच आकडे सांग." कशाला, काय, काही न विचारता पलीकडून ताडताड पाच आकडे आले. आई एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. आकडे तिच्या जिभेवर असायचे. शेजारपाजारचे लोक डायरीत बघायच्या आधी तिला विचारायचे. ते पाच आकडे त्यानं शोरूमच्या कार्डामागे लिहिले, कार्ड पाकिटात ठेवलं, पाकीट फाटलं, नवं आलं. आता ते आकडे जगात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि तिला बोलता येत नव्हतं.

तो पायी परत निघाला. पंपापासून आईचं घर वीस मिनिटं. रविवारची सकाळ, अकरा वाजायचे होते, दुकानांची शटरं अर्धी वर. हातात हेल्मेट आणि खाली गाडी नाही, यामुळे आपण कुणाचं तरी डोकं घेऊन चाललोय असं त्याला वाटत राहिलं. चौदा महिने झाले होते. त्या मंगळवारी शेजारणीचा फोन आला तेव्हा बारा वाजायला दहा कमी होते. दार उघडं होतं, आई स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पडली होती. डॉक्टरांनी मेंदूचा फोटो उजेडाला धरून दाखवला, इथं, हा डाग, इथंच माणसाचं बोलणं असतं. उजवा हात हळूहळू आला, चालणं काठीवर आलं. बोलणं गेलं ते गेलंच. ती ऐकायची, डोळ्यांनी हो-नाही करायची, कधी घशातून एक आवाज काढायची, दार करकरल्यासारखा. सुरुवातीला तो रविवारी यायचा, पंधरा मिनिटं बसायचा, घड्याळ बघायचा. मग कधीतरी, तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, शांतता सहन होईना म्हणून तो बोलला. आज गर्दी फार होती. मग पुढच्या रविवारी कामाचं. मग खड्ड्याची भीती. मग एका इमारतीत खाली न उतरताच सही केली ते. मग बायको आणि तो पाठीला पाठ लावून झोपतात, भांडण नाही, काही नाही, नुसतं तसं झालंय, ते. मोठा झाल्यापासून आईसमोर तो कधी चार वाक्यं सलग बोलला नव्हता. आता दोन-दोन तास बोलायचा, तिची नखं कापत, केस विंचरत, आणि निघताना अंग हलकं व्हायचं. बायको म्हणायची, "आईकडून आलास की बरा वाटतोस." ते खरं होतं आणि त्याची त्याला लाज वाटायची.

आणि पाच महिन्यांपूर्वी त्यानं ते सांगितलं. तिचा डावा हात हातात होता, अंगठ्याचं नख कापत होता, म्हणून वर बघावं लागलं नाही. त्या मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी आईचा फोन आला होता. तो कामात नव्हता. एका इमारतीच्या वॉचमनबरोबर चहा पीत होता. त्यानं फोन बाहेर काढला, आई असं नाव बघितलं, आणि आता नको, अर्धा तास खाईल, असं म्हणून परत खिशात टाकला. थरथर थांबेपर्यंत खिशावर हात दाबून धरला होता. पुढे सगळे डॉक्टर एकच सांगत होते, अशा वेळी एकेक मिनिट मोलाचं. त्याच्याकडे चाळीस मिनिटं होती. हे त्यानं सांगितलं आणि नख कापत राहिला. आईचा हात हातात नुसता पडून होता. ती काही म्हणणार नव्हती, म्हणून तर सांगता आलं. पण सांगून ते गेलं नाही. उलट त्यानंतर एकही रविवार चुकवायची त्याची हिंमत झाली नाही. तापात आला, सासऱ्याच्या दहाव्याहून तसाच आला. त्या चाळीस मिनिटांची भरपाई तो दोन-दोन तासांनी करत होता आणि ती होत नव्हती.

जिन्यानं तो पहिल्या मजल्यावर आला. दार अर्धवट उघडं होतं. आईला सांभाळणारी ताई फरशी पुसल्यावर ती वाळेपर्यंत दार तसंच ठेवायची, हे त्याला ठाऊक होतं. तो बूट काढायला वाकला तर आत कोणीतरी बोलत होतं. बाईचा आवाज. रेडिओ असेल. मग त्या आवाजानं म्हटलं, "'आई, आज गर्दी फार होती गं.' असं म्हनतो. आधी खुर्ची ओढतो, मग म्हनतो. कधी रस्ता रिकामा नसतोच त्याच्यासाठी." आणि ताई खुदकन हसली.

पहिले दोन-तीन क्षण त्याला काहीच कळलं नाही, फक्त इतकंच कळलं की ते वाक्य त्याचं आहे. 'गं' वर जरा रेंगाळणं, सुरुवातीचा 'आई' घशात अडकणं, सगळं त्याचं. कोणीतरी त्याचा आवाज काढून अंगावर घातला होता. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अचानक अडकते तेव्हा आतल्या माणसाचं पोट खाली जातं आणि पाय वरच राहतात. हे तो लोकांना नेहमी समजावून सांगायचा, काही होत नाही, नुसतं तसं वाटतं. आता एका बुटाची लेस हातात धरून तो वाकलेला होता आणि त्याचं पोट खाली चाललं होतं, चाललंच होतं. आवाज जाड झाला होता, कडेनं ओला, 'ळ' चा 'ल' होत होता, 'ण' चा 'न'. पण खाली तो आईचाच होता. हजारो अनोळखी माणसांनी वायरीतून ऐकलेला, थांबा, जोडून देते, म्हणणारा.

"आज मात्र खुशीत नव्हता," आवाज म्हणाला. "खांदा बघितलास? उजवा खांदा वर धरतो. काही लपवायचं असलं की. लहान होता तेव्हापासून."

"मग विचारा ना तुम्ही. किती दिवस असं? पाप लागेल आजी."

"लागू दे."

आत न जाता निघून जावं असं त्याच्या मनात आलं. गाडी तिथेच पंपावर राहू दे, कायमची, आपण बसनं घरी जाऊ, पुढच्या रविवारी येऊन खुर्ची ओढू आणि म्हणू, आई, आज गर्दी फार होती. मग त्याला जाणवलं, की ते वाक्य आता पुन्हा कधी तोंडातून निघणार नाही. आणि बाकीची? त्याच्या डोक्यात एकदम सगळे रविवार उघडे पडले. सही. पाठीला पाठ. बाबा गेले तेव्हा मला रडू आलं नाही, मी बाथरूममध्ये जाऊन डोळ्यांना पाणी लावलं. हे सगळं तो दगडाला सांगत नव्हता. दोन डोळ्यांमागे एक शाबूत बाई बसून ऐकत होती, आणि तो गेल्यावर ती बोलत होती. त्यानं बूट परत नीट घातला, लेस बांधली, दोन पावलं मागे गेला आणि बेल वाजवली. आईच्या घराची बेल तो कधी वाजवत नसे.

आतला आवाज मधेच तुटला. ताई दारात आली. तिचा रंग उडाला. "दादा! तुम्ही... काही राहिलं का?"

"किल्ली."

तो आत गेला. आई उशीला टेकून बसली होती, तोंडाचा उजवा कोपरा किंचित लोंबता, नजर पायांकडे, हात मांडीवर ठेवून दिल्यासारखे. रोजची आई. इतकी हुबेहूब रोजची, की आपल्याला भास झाला असं क्षणभर त्याला पटलं, पटावंसं वाटलं. टेबलावर औषधांच्या डब्याशेजारी किल्ली होती. तिथं हात पोचत होता. त्यानं नेलकटर खिशातून काढून टेबलावर ठेवला आणि किल्लीला हात लावला नाही.

"आई," तो म्हणाला. खुर्ची ओढली नाही, उभाच राहिला. "गाडी पंपावर बंद पडलीय. पाच आकडे लागतात. तू सांगितले होतेस. कुठले ते?"

ताई म्हणाली, "दादा, ही काय किल्ली, इथेच..."

आईनं नजर वर केली. आधी किल्लीकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिच्या चेहऱ्यावर हालचाल सुरू झाली, आधी कपाळ, मग डोळ्यांखालची कातडी. खूप दिवस बंद असलेल्या खोलीत कोणीतरी एकेक दिवा लावत यावं तसा तो चेहरा त्याच्यासमोर लागत गेला. भिंतीपलीकडे कुणाचा तरी कुकर शिट्टी देऊन थांबला. "चार," ती म्हणाली. "एक. सात. दोन. सहा."

त्याच्या हातातलं हेल्मेट खाली पडलं आणि फरशीवर गोल फिरत राहिलं. ताईनं ते उचललं. चार एक सात दोन सहा. हे आकडे गाडीच्या कितीतरी आधीचे होते. तेव्हा तो आठ-नऊ वर्षांचा, शाळेतून येऊन घरात एकटा, आई ड्युटीवर. एक्स्चेंजमध्ये लाइन तपासायचा नंबर होता तो. फिरवायचा, रिसीव्हर खाली ठेवायचा, की आपलाच फोन आपल्याला वाजतो. तिनंच शिकवला होता, कुणाला सांगू नकोस म्हणून. तो दुपारभर वाजवायचा. घंटा वाजायची, तो धावत जाऊन उचलायचा, आणि आत कोणी नसायचं. त्यात काय मजा होती ते आता त्याला सांगता आलं नसतं.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"सहाव्या महिन्यापासून. थोडं थोडं. आधी पानी. मग हिचं नाव. आठव्यापासून सगलं."

"आणि मी यायचो तेव्हा..."

"तू यायचास तेव्हा गप्प."

ताई घाईघाईनं म्हणाली, "दादा, माझी काही चूक नाही हो. आजींनी शपथ घातली मला. मी दर रविवारी म्हणते..."

"तू जा गं जरा, गॅलरीत बस," आई म्हणाली, आणि ताई गेली. बोलता येतं हे उघड झाल्यावर आईनं जीभ लगेच हुकूम सोडायच्या कामाला लावली होती, हे त्याही अवस्थेत त्याच्या लक्षात आलं. "बस," आई त्याला म्हणाली. तो बसला नाही. "तू अकरा वर्षांचा झालास आनि बोलायचा बंद झालास. ठीक. हो. बघू. फोन केला की, ठेवू का? पस्तीस वर्षं हेच. मी विचार करायची, हा कुनाशी तरी बोलत असेल. मग मी अशी पडले आनि तू बोलायला लागलास." ती थांबली, ओठांच्या कडेला आलेली लाळ तिनं स्वतःच्या हातानं पुसली. तो हात इतका सहज उचलला गेला, की त्याला पुन्हा धक्का बसला. "मला वाटलं, आपन तोंड उघडलं की याचं मिटेल."

"माझी नक्कल करत होतीस तू."

"हो. आवाज लक्षात राहावा म्हनून. आठवडा मोठा असतो रे."

त्याला संतापायचं होतं. संताप होता, अगदी जवळ, पण त्याच्यापुढे दुसरं काहीतरी उभं होतं आणि ते बाजूला होत नव्हतं. "मी फोनचं सांगितलं," तो म्हणाला. "चहा पीत होतो ते. तेव्हा तुला बोलता येत होतं."

"येत होतं."

"सगळं?"

आईनं त्याच्याकडे पाहिलं आणि प्रथमच तिची नजर हलली. चादरीची कड तिनं दोन बोटांत धरली. "तो फोन," ती म्हणाली, "मी पडल्यावर नव्हता केला. मी चांगली होते. तुझा कॉलेजातला स्वेटर सापडला कपाटात, निला, कोपराला भोक पडलेला. टाकून देऊ का, विचारायचं होतं. तू उचलला नाहीस. मग मी झाडांना पानी घातलं. शेजारीन दारात आली, तिच्याशी उभ्यानं बोलले. बराच वेल. ती गेली आनि पाच मिनिटांत... ती काही विसरली म्हनून परत आली, म्हनून तर लगेच सापडले." तिनं श्वास घेतला. "तू उचलला असतास तरी मी स्वेटरबद्दलच बोलले असते."

खिडकीतून पार्किंगमधली त्याच्या गाडीची रिकामी जागा दिसत होती, तेलाचा एक डाग. तो त्या डागाकडे बघत राहिला. पाच महिने. लिफ्टच्या टपावर उभा असताना, जेवताना, बायकोच्या पाठीला पाठ लावून अंधारात, पाच महिने तो त्या वॉचमनशेजारी उभा होता, खिशावर हात दाबून. कितीदा त्यानं मनातल्या मनात फोन उचलला होता. हॅलो आई. कितीदा तिला वाचवलं होतं. आणि पलीकडे स्वेटर होता.

"एका वाक्यात सोडवता आलं असतं तुला मला."

"हो."

"मग?"

"मग तू आला नसतास."

"आलो असतो."

ती नुसती बघत राहिली, आणि त्याला कळलं की आपला उजवा खांदा वर गेलाय. त्यानं तो खाली घेतला, किल्ली उचलली, हेल्मेट घेतलं आणि निघाला. मागून ती म्हणाली, "चिडलास तर चीड. पन ओरडून चीड, मला ऐकू दे." तो जिना उतरून गेलासुद्धा होता.

पंपावर गाडी होती तिथेच होती. त्यानं बटण दाबलं आणि ती सुरू झाली, काही घडलंच नाही अशी. पेट्रोल भरणाऱ्या बाईनं लांबून हात केला, जमलं का? त्यानं मान हलवली. तो घराच्या दिशेनं निघाला. पहिल्या सिग्नलपर्यंत त्याच्या तोंडात फक्त एकच शब्द होता, पाच महिने, पाच महिने, इंजिनाच्या ठेक्यात. इतकी वर्षं ज्या बाईला आपण आई म्हणतो ती आपल्याला जाळ्यात धरून ठेवू शकते, आपल्याच अपराधाच्या, आणि रोज सकाळी चहा पिऊ शकते. कुणाला सांगितलं तर खरं वाटेल? बायकोला सांगावं. बायको म्हणेल, पण तू तिला इतकं काय काय सांगत होतास? मग ते सगळं तिलाही सांगावं लागेल. दुसऱ्या सिग्नलला लाल दिवा होता. एकशेवीस सेकंद, आकडे उतरत होते. हेल्मेटच्या आत त्याचा स्वतःचा श्वास त्याला मोठ्यानं ऐकू येत होता. त्या बंद जागेत, नव्वद का पंच्याऐंशीवर, ती दुसरी गोष्ट वर आली. ती त्यानं मुक्या आईलाही सांगितली नव्हती. इतके रविवार, इतकं ओकून झालं, आणि या एका गोष्टीच्या जवळ आला की तो वळून दुसरीकडे जायचा. सकाळी नखं कापताना ती ओठांवर आली होती. खांदा तेव्हाच वर गेला असणार. तो आकड्यांकडे बघत राहिला. चाळीस. अकरा. दिवा हिरवा झाला, मागच्यांनी हॉर्न वाजवले. तो सरळ जायचं सोडून वळला.

दार आता बंद होतं. ताईनं उघडलं, तिचे डोळे लाल झाले होते. आई तशीच बसली होती. त्यानं खुर्ची ओढली, मग ओढली हे लक्षात येऊन क्षणभर थबकला, आणि बसला.

"ती बोलायला शिकवायला यायची, थेरपिस्ट," तो म्हणाला. "आठवड्यातून तीनदा. आठवते?"

"चष्मेवाली. आरशात तोंड बघायला लावायची. मग यायची बंद झाली." आईनं खांदे उडवले. "तिनं हात टेकले. म्हातारीचं काही होनार नाही, असं वाटलं असेल तिला. मी फार रडले तेव्हा. मग हट्टानं हिला घेऊन बसले, रोज दुपारी, पेपरातल्या मोठ्या अक्षरांवर."

"तिनं नाही टेकले," तो म्हणाला. "मी बंद केली तिला. ती म्हणाली होती, आजी बोलतील, थोडा धीर धरा, दोन-तीन महिन्यांत बोलतील. मी सांगितलं, नको, तिला त्रास होतो. त्रास नव्हता होत तुला. मला तेव्हा नुकतं बोलायला सुचायला लागलं होतं. रविवारची वाट बघायचो मी. तू बोलायला लागलीस तर..."

आई त्याच्याकडे बघत होती. तिचं तोंड थोडं उघडलं होतं. जीभ आत हलली, वर टेकली, खाली आली. काहीच आवाज निघाला नाही. तिचे डोळे मोठे होत गेले, आणि त्याला दिसलं की ती नऊ-दहा महिन्यांमागचे दिवस परत बघतेय, आरसा, चष्मेवाली, ती न आलेली पहिली दुपार. तिनं एक हात वर केला, कुठे न्यावा ते न कळून तो हवेतच राहिला. त्यानं तो हात धरला नाही. धरायचा हक्क आपल्याला आहे का, ते त्याला ठरवता येत नव्हतं. ताई स्वयंपाकघराच्या दारात पदर तोंडाला लावून उभी होती आणि तिलाही आत यावं की जावं ते समजत नव्हतं.

खूप वेळानं आईनं हात मांडीवर ठेवला. "पानी," ती ताईला म्हणाली. ताईनं ग्लास आणला. ती सगळं पाणी प्यायली, सावकाश, घोट मोजल्यासारखे, आणि ग्लास परत दिला.

"तिचा नंबर आहे तुझ्याकडे?"

"आहे."

"लाव."

"आत्ता? आज रविवार आहे."

"लाव म्हनते ना. तिला म्हनावं उद्यापासून ये. माझा ळ येत नाही. ण येत नाही. दमले मी या दोघांपायी." तिचा आवाज कापत होता, रागानं की कशानं, ते कळण्याइतकी तिच्या नव्या आवाजाची त्याला सवय नव्हती. "आनि स्पीकरवर ठेव. काय सांगतोस ते मला ऐकायचंय."

त्यानं फोन काढला. नाव सापडायला वेळ लागला. घंटा वाजत राहिली. मग एक बाई म्हणाली, हॅलो, मागे लहान मुलं खेळत असल्याचा गलका होता. त्यानं आपली ओळख सांगितली, बिल्डिंग सांगितली, त्या पहिल्या मजल्यावरच्या आजी.

"हो हो, आठवल्या. कशा आहेत? बोलतात का काही?"

त्यानं आईकडे पाहिलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही, ती फोनकडे बघत होती.

"बोलते," तो म्हणाला. "बोलते ती."

"अरे वा! बघा, मी म्हटलं होतं की नाही? कधीपासून?"

"मला आज कळलं," तो म्हणाला.